मन लागत नाही, म्हणजे नेमकं काय होतं?

पालकसभेत एक वाक्य आम्ही दरवर्षी पंधरा-वीस वेळा तरी ऐकतो. "सर, इसका मन लगताच नहीं पढाई में." त्याच्या मागोमाग दुसरं येतं, "दो लगाव, मेरी तरफ से इजाजत है." आमच्या लहानपणी वडीलधारी मंडळी उस्तादांना सांगायची, गोश्त तुमचं, हाडं आमची. आता इतकं उघड कोणी बोलत नाही, पण भावना तीच आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने मुलांना मारणं आणि त्यांचा मानसिक छळ करणं, दोन्हींवर बंदी घातली आहे, हे आम्ही सांगतो. पालक मान डोलावतात आणि म्हणतात, "वो सब ठीक है सर, लेकिन..."

या ‘लेकिन’चं उत्तर आमच्याकडे बरीच वर्षं नव्हतं. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. बी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर होता. थॉर्नडाइकची मांजर, पावलॉवचा कुत्रा आणि स्किनरचा उंदीर पाठ करून आम्ही पास झालो. पण बक्षीस मिळालं की मेंदूत काय होतं, भीती बसली की काय होतं, आणि एखादी गोष्ट करावीशी वाटणं मुळात कुठून येतं, हे त्या पेपरात नव्हतं. गेल्या काही वर्षांत ते वाचत गेलो, शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारून विचारून समजून घेतलं. त्यातून एक गोष्ट कळली. ‘मन लागत नाही’ या एका वाक्यात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. मुलाला ते आवडत नाही, ही एक. ते करावंसं वाटत नाही, ही दुसरी. आणि त्याची धास्ती बसली आहे, ही तिसरी. मेंदूत या तिन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत. मग तिन्हींवर एकच औषध, दोन चापट, कसं चालेल?

गोष्ट उंदरांपासून सुरू होते. १९५४ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर हे दोघे उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवून तिच्यातून अगदी हलका विजेचा प्रवाह सोडत होते. एका उंदराची तार ठरलेल्या जागी न बसता भलतीकडेच बसली. तो उंदीर टेबलाच्या ज्या कोपऱ्यात प्रवाह मिळाला, तिथेच पुन्हा पुन्हा जायला लागला. मग त्यांनी उंदरांच्या हाती खटका दिला. खटका दाबला की प्रवाह मिळणार. मेंदूच्या काही जागी तार असलेले उंदीर तासाला हजारो वेळा खटका दाबायचे, पुढ्यातलं खाणंसुद्धा सोडून. वर्तमानपत्रांनी लिहिलं, मेंदूतलं सुखाचं केंद्र सापडलं. ही समजूत पुढे कित्येक वर्षं टिकली आणि ती अर्धवट होती. उंदीर खटका दाबतो म्हणजे त्याला सुख होतं, असं आपण गृहीत धरलं. त्याला फक्त ‘अजून हवं, अजून हवं’ असं होत असेल तर?

दुसरा धागा आपल्या देशातून जातो. तो आमच्या आवडीचा आहे, म्हणून जरा विस्ताराने.

सर्पगंधा ही वनस्पती वैद्य आणि हकीम दोघेही वापरत आले. युनानीत तिला असरोल म्हणतात. डोकं शांत करण्यासाठी, झोप येण्यासाठी ती देत. मसीह-उल-मुल्क हकीम अजमल खान हे १९२१ च्या काँग्रेसचे अध्यक्ष आणि जामिया मिल्लियाचे पहिले कुलपती. त्यांनी दिल्लीत तिब्बिया कॉलेज उभं केलं, १९२१ मध्ये त्याचं उद्घाटन गांधीजींनी केलं. जुन्या जडीबुटींची आधुनिक रसायनशास्त्राने तपासणी व्हावी, असा हकीमसाहेबांचा आग्रह होता. जर्मनीत शिकून आलेले सलीमुज्जमां सिद्दीकी यांनी याच कॉलेजात १९३१ मध्ये सर्पगंधेच्या मुळातून काही द्रव्यं वेगळी काढली आणि त्यातल्या एकाला हकीमसाहेबांच्या आठवणीत ‘अजमलीन’ नाव दिलं. हृदयाच्या ठोक्यांच्या विकारात ते औषध म्हणून वापरलं गेलं. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे आपल्या रुग्णांवरून दाखवलं आणि ते इंग्लंडच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापून आलं. त्यानंतर जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून ‘रिसर्पिन’ वेगळं केलं.

आता हे रिसर्पिन स्वीडनला पोचतं. आर्विद कार्लसन या शास्त्रज्ञाने १९५७ च्या सुमारास ते सशांना टोचलं. ससे जागच्या जागी गळून बसले, कान खाली, हालचाल बंद. मग त्यांना ‘एल-डोपा’ नावाचं द्रव्य दिलं, शरीरात गेल्यावर त्यापासून डोपामाइन तयार होतं. थोड्याच वेळात ससे उठून फिरायला लागले. तोवर डोपामाइन म्हणजे दुसरं रसायन बनवताना मध्येच तयार होणारा कच्चा माल, अशी समजूत होती. ते स्वतः मेंदूतला निरोप्या आहे हे कार्लसननी दाखवलं. २००० साली त्यांना नोबेल मिळालं, दोन इतर शास्त्रज्ञांसोबत. आपल्याकडच्या एका मुळीने डोपामाइनचा पत्ता दाखवला, हे मुलांना सांगितलं की वर्ग जरा सावरून बसतो. सिद्दीकींचं नाव पाठ्यपुस्तकात का नसावं, हा प्रश्न वेगळा.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. त्यात मधल्या मेंदूत डोपामाइन बनवणाऱ्या पेशी साधारण चार ते सहा लाख, म्हणजे दर्यात खसखस. पण त्यांच्या फांद्या लांबवर पसरलेल्या असतात. त्यातला एक रस्ता मधल्या मेंदूतून पुढे ‘न्यूक्लियस अॅकम्बेन्स’ नावाच्या छोट्या भागाकडे आणि कपाळामागच्या मेंदूकडे जातो. आपण ज्याला हौस, ओढ, उमेद म्हणतो, त्याचा बराच कारभार या रस्त्यावर चालतो.

मोबाइलवर येणारे व्हिडिओ डोपामाइनला ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात. हे खरं नाही. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी असे उंदीर घेतले, ज्यांच्या मेंदूतलं डोपामाइन जवळजवळ संपवलेलं होतं. हे उंदीर अन्नाकडे जात नसत. तोंडाशी भरवलं नाही तर भुकेने मरून जातील, पण उठणार नाहीत. तर्क असा होता की यांना गोडाची चवच उरली नसेल. म्हणून त्यांच्या जिभेवर साखरेचं पाणी टाकून पाहिलं. उंदरांनी जीभ बाहेर काढून मजेत चाटलं, अगदी धडधाकट उंदरासारखं. तहनीक करताना बाळाच्या टाळूला खजुराचा गोडवा लागला की ते जसं मिटक्या मारतं, तसंच. म्हणजे आवडणं शाबूत होतं. गेलं होतं ते हवंसं वाटणं, उठून तिथपर्यंत जाणं. आवडण्याचं काम मेंदूतल्या अगदी लहान लहान जागा करतात, आणि त्यांची रसायनं निराळी आहेत. त्यात अफूशी नातं असलेली, पण मेंदूने स्वतः तयार केलेली द्रव्यंही येतात.

याच्या उलटही होतं. कंपवाताच्या आजारात, ज्याला पार्किन्सन म्हणतात, डोपामाइनच्या पेशी मरत जातात. डोपामाइनसारखं काम करणारी काही औषधं या रुग्णांना देतात. त्यातल्या काही जणांना, आयुष्यात कधी पत्त्यांना हात न लावलेल्या माणसांनाही, जुगाराचा किंवा खरेदीचा नाद लागल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं आहे. औषध कमी केलं की बहुतेकांचा नाद उतरतो. अशा माणसाला मोहल्ल्यात आपण काय म्हटलं असतं? ईमान कमजोर, दुसरं काय.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने गुटख्याबद्दल एकदा सांगितलं, "सर, मजा तो कब की गई, हाथ अपने आप जाता." त्याला बेरिज माहीत नाहीत, पण बेरिजचं सगळं म्हणणं त्याने एका वाक्यात सांगितलं. व्यसनात मजा कमी होत जाते आणि ओढ वाढत जाते. म्हणून ‘तुला त्यात काय एवढी मजा वाटते?’ हा घरोघरी विचारला जाणारा प्रश्न त्याला विचारून उपयोग नाही. मजा वाटत नाहीच.

मग या पेशी नेमकं काय करतात? वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या एकेका डोपामाइन पेशीचे ठोके मोजले. १९९७ मध्ये दोन सहकाऱ्यांसह त्यांनी त्याचा जो अर्थ मांडला, तो आज जगभर शिकवला जातो. आम्ही तो वर्गात इफ्तारवरून समजावतो, कारण त्याहून सोपं उदाहरण आम्हाला सापडलेलं नाही.

माकडाच्या तोंडात अचानक फळाच्या रसाचे थेंब पडले की डोपामाइन पेशी जोरात ठोके देतात. मग रस देण्याआधी दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांनी माकडाला कळलं, दिवा लागला की रस येणार. आता पेशी दिव्यालाच ठोके द्यायला लागल्या, आणि रस आला तेव्हा गप्प. आणि दिवा लावून रस दिलाच नाही तर? बरोबर ज्या क्षणी रस यायचा, त्या क्षणी पेशींचे ठोके नेहमीपेक्षाही खाली गेले. पहिला रोजा ठेवलेलं लेकरू घ्या. पहिल्या दिवशी खजूर तोंडात पडल्यावर त्याचा चेहरा खुलतो. दहाव्या रोज्याला मगरिबची अजान सुरू झाली की आधीच खुलतो. आणि एखाद्या दिवशी मशिदीतला माइक बिघडला, अजान ऐकूच आली नाही, घड्याळ पुढे चाललंय, तर त्या दोन मिनिटांत लेकराचं तोंड बघा. खजूर तेव्हाही गोडच लागतो, कारण आवडण्याचं खातं वेगळं आहे. डोपामाइनच्या खात्यात फक्त फरक लिहिला जातो: अपेक्षा किती होती आणि मिळालं किती. जास्त मिळालं तर वर, तेवढंच मिळालं तर काही नाही, कमी मिळालं तर खाली. या फरकावरून मेंदू शिकतो, पुढच्या वेळी कशाकडे धावायचं.

(हे सगळं इतकं सरळ नाही, हेही सांगून ठेवतो. सगळ्या डोपामाइन पेशी एकसारख्या वागत नाहीत. काही पेशी वाईट बातमीलाही जाग्या होतात. पण मुख्य हिशेब हा.)

२००३ मध्ये शुल्ट्झ यांच्याच गटाने आणखी एक गोष्ट पाहिली. दिवा लागल्यावर रस येईल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी ठेवली, तेव्हा वाट पाहण्याच्या काळात पेशींची हालचाल सर्वात जास्त टिकून राहिली. नक्की येणार असेल तर नाही, नक्की येणार नसेल तर नाही, ‘बहुतेक येईल’ असेल तेव्हा. मोबाइलवर बोट सरकवताना पुढची रील भारी निघेल की फालतू, हे कोणाला माहीत असतं? मुलगा चार तास बसतो तो चार तास मजेत नसतो, तो पुढच्याची वाट बघत असतो. आणि पुस्तकाचं पुढचं पान? त्यात काय असणार हे त्याला, त्याच्या मते, आधीच माहीत आहे: न समजणारं काहीतरी.

अलीकडे ‘डोपामाइन डिटॉक्स’ नावाचं एक खूळ आलंय आणि रमजानमध्ये व्हॉट्सअॅपवर फिरतं की रोजा म्हणजे डोपामाइनचा उपवास. डोपामाइनचा उपवास कोणाला करता येत नाही, ते बंद पडलं तर माणूस कार्लसनच्या सशासारखा बसून राहील. सवयीपासून दूर राहून सवय ढिली होऊ शकते, हे ठीक. पण रोज्याला या प्रमाणपत्राची गरज नाही, असं आमचं मत.

‘आळशी’ या शब्दाबद्दलही थोडं. जॉन सॅलमोन या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या प्रयोगात उंदरापुढे दोन वाटा असायच्या. एकीकडे थोडं खाणं, सरळ चालत गेलं की मिळणारं. दुसरीकडे जास्त खाणं, पण मध्ये उंच जाळी. धडधाकट उंदीर जाळी चढून जास्त खाणं घ्यायचा. डोपामाइन कमी केलेला उंदीर थोड्या खाण्याकडे जायचा. जाळी काढून टाकली की तोही जास्त खाण्याकडेच जायचा. म्हणजे त्याला जास्त-कमी कळत होतं, भूकही होती, चालताही येत होतं. जाळी चढण्याइतकी किंमत मोजायला मेंदू तयार होत नव्हता. आम्ही वर्गात ज्यांना आळशी म्हणतो, त्यातल्या किती जणांपुढे आपणच जाळी उंच करून ठेवली आहे, हे एकदा बघायला हवं. तुटलेल्या बाकावर, दोघांत एक पुस्तक, घरी सहा माणसांत एक खोली.

बक्षिसाचंही तसंच. "दहावीत नव्वद टक्के आण, बाइक घेऊन देतो" हे सांगणारे अब्बा आपल्याकडे भरपूर आहेत. दोन वर्षांनंतरची बाइक आजच्या सहाव्या धड्याला उपयोगी पडत नाही, मेंदूच्या हिशेबात ती फार लांब आहे. आणि जे मूल आपणहून करतंय त्याला बक्षिसाचं आमिष लावलं तर उलटं होऊ शकतं. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत चित्र काढण्याची हौस असलेल्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर बक्षीस. नंतर बक्षीस बंद झाल्यावर ही मुलं बाकीच्यांच्या मानाने रंगांकडे कमी वळली.

आता चापटीकडे येऊ, कारण मूळ प्रश्न तो आहे.

इब्न सीना (९८०-१०३७) यांनी नफ्सबद्दल लिहिताना मेंढीचं उदाहरण दिलं आहे. मेंढी लांडग्याला पाहते आणि पळते. लांडग्याचा रंग, आकार डोळ्याला दिसतो, पण त्याचं वैर डोळ्याला दिसत नाही. मग ते मेंढीला कळतं कसं? त्यासाठी मनात एक वेगळी कुव्वत आहे, तिला ते ‘वहम’ म्हणतात. आणि प्राण्याला हलवणाऱ्या शक्तीचे ते दोन भाग करतात: हव्याशा गोष्टीकडे नेणारी शहवानिया आणि नको त्याला दूर सारणारी गजबिया. आजचं सगळं विज्ञान आपल्याकडे आधीच होतं, असं म्हणायची आपल्या लोकांना फार घाई असते, ते इथे करू नका. इब्न सीनांकडे मज्जापेशी नव्हत्या. पण प्रश्न त्यांनी नेमका धरला होता: नको वाटणं म्हणजे हवं वाटण्याचा अभाव नाही, ती वेगळी शक्ती आहे.

आज त्या शक्तीचे रस्ते बरेचसे दिसू लागले आहेत. कानांच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा ‘अमिग्डाला’ आहे. धोका आणि त्याची खूण यांची गाठ तिथे बांधली जाते, तीही फार लवकर. एखाद-दोन वेळा पुरतात. गंमत म्हणजे याच अमिग्डालातल्या काही पेशींची वाट भीतीकडे जाते आणि शेजारच्याच काहींची बक्षिसाकडे. त्यामुळे ‘भीतीचं केंद्र’ हा शब्दही ‘सुखाच्या केंद्रा’इतकाच अर्धवट. दुसरी जागा ‘हॅबेन्युला’, मटाराच्या दाण्यापेक्षाही लहान. २००७ मध्ये मात्सुमोतो आणि हिकोसाका या जपानी शास्त्रज्ञांनी अमेरिकेत माकडांवर काम करून दाखवलं की अपेक्षित बक्षीस मिळालं नाही की हॅबेन्युलाच्या पेशी जाग्या होतात आणि डोपामाइनच्या पेशींना गप्प करतात. म्हणजे मघाशी सांगितलेली ती ‘खाली जाणारी’ खूण बरीचशी इथून येते. निराशेचा ब्रेक म्हणा. ज्या मुलाचं उत्तर प्रत्येक वेळी चुकतं आणि प्रत्येक वेळी चारचौघांत कळवलं जातं, त्याचा पाय दिवसभर या ब्रेकवर असतो. वर आपण ओरडतो, गाडी पळव.

आणि आता ती गोष्ट, जिने आमची झोप थोडी उडवली. १९६७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केला. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही. एका गटाला विजेचे झटके बसायचे, पण डोक्याने फळी दाबली की झटका थांबायचा. दुसऱ्या गटाला तेवढेच, त्याच वेळी झटके, पण यांच्या हातात काही नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं जिथे ठेंगणं कुंपण ओलांडलं की सुटका होती. पहिल्या गटाने ते पटकन शिकून घेतलं. दुसऱ्या गटातले बहुतेक कुत्रे पडून राहिले आणि झटके खात राहिले. याला नाव पडलं ‘शिकलेली असहायता’. बी.एड.ला आम्हीही हेच शिकलो: काही केलं तरी उपयोग नाही, हे ते कुत्रे शिकले.

मायर पुढे मेंदूविज्ञानाकडे वळले आणि जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्या दोघांनीच लिहिलं की आमचं म्हणणं उलटं होतं. असहायता कोणी शिकत नाही. त्रास लांबला की गळून, गप्प बसून राहणं ही मेंदूची मुळातली प्रतिक्रिया आहे. मेंदूच्या खोडात सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशींचा एक पुंजका आहे, तो हे घडवून आणतो. शिकावं लागतं ते दुसरंच: ‘माझ्या करण्याने फरक पडतो’ हे. ते कळलं की कपाळामागचा मेंदू त्या पुंजक्याला आवरतो. आणि एकदा हा अनुभव मिळालेला प्राणी नंतरच्या, ज्यावर त्याचं काही चालत नाही अशा त्रासातही सहसा गळून पडत नाही.

हे वाचलं तेव्हा आम्हाला आठवीतला एक मुलगा आठवला. उर्दूत ‘ळ’ नाही, त्यामुळे आमची मुलं ‘शाळा’ला ‘शाला’ म्हणतात आणि ‘फळा’ला ‘फला’. हा मुलगा एकदा धडा वाचायला उठला आणि एका परिच्छेदात पाच-सहा ‘ळ’ आले. आम्ही त्याला थांबवलं आणि वर्गासमोर दहा वेळा ‘ळ’ म्हणायला लावलं. वर्ग हसला. आम्हीही हसलो, हे लपवायचं कशाला. आम्ही त्याला मारलं नव्हतं. आमच्या समजुतीप्रमाणे आम्ही उच्चार सुधारत होतो.

त्यानंतर मराठीच्या तासाला त्याच्या पोटात दुखायला लागलं. उभं केलं तर आवाजच फुटेना. आम्ही त्याला ढीट म्हटलं, घरी निरोप पाठवला, घरी त्याला मार बसला. ज्या त्रासात त्याच्या हातात काहीच नव्हतं, त्यात आम्ही आणखी भर टाकली. आणि मराठी ही या मुलांसाठी नुसता एक विषय नाही. पोलीस भरती, तलाठी, बँक, कोर्टाचा कागद, सगळं मराठीत. तिथे पाय मागे गेला की पुढचे बरेच दरवाजे बंद.

पुढे आम्ही केलं ते फार मोठं नाही. मधल्या सुट्टीत त्याला एकट्याला बोलावलं, मराठी पेपर समोर ठेवला. बातमी त्याने निवडायची, वाचायचं तेवढं वाचायचं, पेपर मिटला की संपलं. ‘ळ’ दुरुस्त करायचा नाही, असं आम्ही स्वतःलाच बजावलं होतं, आणि तेच सगळ्यात अवघड गेलं. पहिल्या दिवशी त्याने क्रिकेटच्या बातमीचं फक्त शीर्षक वाचलं आणि पेपर मिटला. आम्ही म्हणालो, ठीक आहे, जा. त्याने वळून बघितलं, खरंच जाऊ का? ते बघणं आम्हाला आता शुल्ट्झच्या भाषेत समजतं: अपेक्षेपेक्षा वेगळं काहीतरी मिळालं होतं. तिसऱ्या आठवड्यात तो अख्खी बातमी वाचू लागला. वर्गात उभं राहून वाचायला त्याला जवळपास वर्ष लागलं, तेही एका मित्राबरोबर जोडीने.

सगळ्यांचं असं होत नाही. एका मुलीचं ‘मन न लागणं’ म्हणजे चष्म्याचा नंबर निघाला, त्यात डोपामाइनचा काही संबंध नव्हता. एक मुलगा रात्री बारापर्यंत वडिलांच्या गाडीवर उभा राहायचा, त्याला फक्त झोप हवी होती. आणि एखादं मूल आठवडेच्या आठवडे खाणं, खेळणं, दोस्त, सगळ्यांतूनच उठून गेलं असेल, तर ते शिक्षकाचं काम नाही, डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ आहे, ती फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. नजर लागली म्हणून दम करून घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण फोनही करा.

तो मुलगा आता दहावीत आहे. मागच्या महिन्यात त्याचे वडील गेटवर भेटले, हातात विजेचं बिल. म्हणाले, "सर, ये पढके बोला कि ‘थकबाकी’ मतलब पिछला पैसा बाकी है. सच्ची है क्या?"

बिल बघितलं. खरं होतं, दोन महिन्यांचं.